सोळा जीबीत चाळीस

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

ही डायरी मिलने दिवाळीला वाटली. कव्हरवर लक्ष्मी, आत दर दहा पानांनी रंग-रसायनांची जाहिरात. तीन महिने ती माझ्या टेबलाच्या आखूड पायाखाली नोकरी करत होती. आज बाहेर काढली, कारण आज जे झालं ते कुणाला सांगण्यासारखं नाही आणि सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही.

सकाळी सुकदेव मास्टर ओल्या कापडाचा बोळा माझ्या टेबलावर आपटून म्हणाले, "सांगा, हा कोणता रंग?"

"गुलाबी?"

"राणी व्हायचा होता. झाला बिटाचा काढा. नऊ नंबरच्या जेटवर अकरा मिनिटं तुमचा स्क्रीन झोपला होता, हिलालभाऊ. कापड आत उकळत होतं आणि टेंपरेचर दाखवणारा बाबा घोरत होता."

सुकदेव मास्टर आमच्या पलसाण्याच्या मिलचे डाइंग मास्टर. जेट म्हणजे कापड आणि रंग एकत्र उकळणारं बंद भांडं, अशी आमच्याकडे चोवीस आहेत. मी तिथला कम्प्युटर इन्चार्ज. बावीस वर्षांपूर्वी टायपिस्ट म्हणून लागलो आणि तेव्हापासून ज्या वस्तूला वायर आहे ती माझी, असा मिलचा कायदा आहे. प्रिंटर माझा, सीसीटीव्ही माझा, देवळातली लुकलुकणारी माळसुद्धा माझी.

पण चोवीस जेटवर नजर ठेवणारा प्रोग्राम माझा नाही. तो जयश्रीने लिहिला. जयश्री आमच्या गावच्या भटूची मुलगी, तेहतीस वर्षांची. बाप लिंबायतला लूमवर आयुष्य काढून बसला, मुलगी कम्प्युटर शिकली. तिला मिलमध्ये मी लावलं. प्रोग्राम नीट चालतो तेव्हा मी हे आवर्जून सांगतो. आज नाही सांगितलं.

दुपारी चंचलकुमार आले. शेठचे जावई. दिवाळीपासून मिलमध्ये 'सुधारणा' करतात, म्हणजे दर आठवड्याला एका माणसाची खुर्ची हलवतात. अहमदाबादच्या कुठल्याशा कंपनीचं तयार सॉफ्टवेअर आणायचा त्यांना ध्यास लागलाय. म्हणाले, "अंकल, मेमरी कौन खा रहा है? मुझे लिखित में चाहिए. सोमवार तक."

मी त्यांच्यापेक्षा फार तर अठरा वर्षांनी मोठा असेन. अंकल!


बुधवार, ५ फेब्रुवारी

सर्व्हर रूममध्ये दिवस काढला. मिलमध्ये एसी दोनच, एक शेठकडे आणि एक सर्व्हरला. सर्व्हरच्या तब्येतीची मला विशेष काळजी असल्याने मी वर्षभरापासून बहुतेक तिथेच बसतो, सर्व्हरच्याच स्क्रीनसमोर. शिवाय माझ्या मुलीसाठी, वैशालीसाठी स्थळं बघायची तर मोबाइलवर फोटो चिंचोके दिसतात. समाजाच्या ग्रुपवर आलेला प्रत्येक बायोडाटा मी मोठ्या स्क्रीनवर उघडतो आणि उघडाच ठेवतो. बंद केला की पुन्हा सापडत नाही आणि स्थळ हातचं गेल्यासारखं वाटतं.

तर मेमरी. सर्व्हर लिनक्सचा. त्यात कोण किती मेमरी धरून बसलंय ते दाखवणारी यादी असते, काळ्या पडद्यावर हिरवी-निळी. मी ती 'ज्याची जास्त तो वर' अशी लावली. काय दिसावं? वरपासून खालपर्यंत जयश्री, जयश्री, जयश्री! तिच्या प्रोग्रामच्या पंचवीस ओळी. चोवीस जेटच्या चोवीस आणि एक त्यांच्यावरच्या मुकादमाची. आणि प्रत्येक ओळीसमोर मेमरी एक पूर्णांक सहा जीबी! पडदा तेवढ्यातच भरला. खाली आणखी बारीकसारीक ओळींची लांबलचक रांग होती, पण मोठे चोर सापडल्यावर खिसेकापूंच्या मागे कोण लागतो?

एक पूर्णांक सहा गुणिले पंचवीस. चाळीस जीबी.

माझ्या सर्व्हरची एकूण मेमरी सोळा.

एवढ्यात जयश्री आली. माझ्या कागदावरचा गुणाकार बघून म्हणाली, "भाऊ, बेरीज करताय का? एकदा मोठा एच दाबून बघा ना."

बावीस वर्षं मी या मिलचे कीबोर्ड उलटे करून त्यातले खाऱ्या शेंगदाण्यांचे तुकडे काढतोय. आणि आता मला कुठलं बटण दाबायचं ते शिकवणार!

"बघतो," म्हणालो. बघितलं नाही.


गुरुवार, ६ फेब्रुवारी

अहवाल लिहायला बसलो. एक छोटी अडचण आली. यादीत शेजारीच टक्क्यांचा रकाना असतो. प्रत्येक ओळीसमोर दहा टक्के. पंचवीस दाहे अडीचशे. एका सर्व्हरची अडीचशे टक्के मेमरी हे वाक्य मी लिहून बघितलं. बरं दिसेना. रकाना काढून टाकला.

दुसरी अडचण, त्याच पडद्यावर सगळ्यात वर एकूण वापराची पट्टी असते. ती म्हणते, सोळापैकी पंधरा. मग माझे चाळीस कुठे मावतात? यावर दहा मिनिटं विचार केला आणि लिहिलं, 'उर्वरित मेमरी प्रोग्राम हार्डडिस्कवरून ओढत असावा, म्हणूनच सिस्टिम मंदावते.' वाचून माझं मलाच कौतुक वाटलं. अडचणीचा पुरावा करून टाकला.

खाली सही ठोकली. शेठ, चंचलकुमार, सुकदेव मास्टर धरून सात जणांना मेल.


रविवार, ९ फेब्रुवारी

सुट्टी. डिंडोलीच्या घरात लग्नाचं कामकाज. मी स्थळांचा तक्ता केलाय: नाव, शिक्षण, उंची, शेती, घर. गुंजाळ आडनावाची चार मुलं चार वेगवेगळ्या मध्यस्थांकडून आली आहेत, शहाद्याकडचे चुलतभाऊ. प्रत्येकाची सात एकर बागायत, प्रत्येकाचं उधन्यात स्वतःचं घर. म्हणजे अठ्ठावीस एकर आणि चार घरं. खानदान भक्कम आहे.

वैशाली तक्ता बघून म्हणाली, "पप्पा, तमे छोकरो शोधो छो के गाव विकत घेताय?" पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, रोज दुसऱ्यांचं रक्त काढते. रविवारी माझं.


सोमवार, १० फेब्रुवारी

बैठक झाली. चंचलकुमारांनी माझा अहवाल उभं राहून वाचला. "सोलह जीबी का सर्व्हर, चालीस जीबी का प्रोग्राम!" असं तीनदा म्हणाले. शेठनी काही न कळता मान हलवली. कळल्यावर ते इतक्या सहज हलवत नाहीत.

जयश्री उभी राहिली. "सर, त्या पंचवीस ओळी म्हणजे पंचवीस प्रोग्राम नाहीत. एकच प्रोग्राम आहे, त्याचे पंचवीस थ्रेड. मेमरी सगळ्यांची एकच आहे, सामायिक. यादी फक्त प्रत्येकासमोर तोच आकडा पुन्हा…"

"यादी झूठ बोल रही है?" चंचलकुमार.

"यादी खरं बोलतेय. बेरीज चुकीची आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पाणी प्यायलो. चंचलकुमार म्हणाले की अंकलना बावीस वर्षांचा अनुभव आहे. पहिल्यांदाच मला ते अंकल गोड लागलं.

निकाल: महिनाअखेर तिचा प्रोग्राम बंद, अहमदाबादचं पॅकेज सुरू. म्हणजे अठ्ठावीस तारीख तिचा शेवटचा दिवस.

बाहेर तिने मला जिन्यात गाठलं. "भाऊ, तुम्ही एच दाबला होता का?"

"वेळच नाही मिळाला गं."

ती जिना उतरून गेली. काही लोक न बोलता फार उद्धटपणा करतात.

जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी तिला 'चाळीसवाली' म्हणालं. मी हसलो नाही. म्हणजे आवाज काढला नाही.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

संध्याकाळी डिंडोलीच्या भाजीबाजारात भटू भेटला. चाळीस वर्षं लूमच्या खडखडाटात राहून त्याचे कान गेलेत. त्याच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं.

"भाऊ, पोरगीनं काय चुकनं?"

"काही नाही," मी म्हणालो. "कंपनीचा निर्णय आहे."

"काय?"

"कंपनीचा निर्णय!"

"कोना निर्णय?"

"कंपनीचा! निर्णय! मी काही केलं नाही!"

भेंडीवाली, कोथिंबीरवाली आणि दोन ओळखीचे लोक वळून बघायला लागले. त्याने तर ते शेवटचं विचारलंही नव्हतं. भटू म्हणाला, "तू शेस ना तठे. तू देखशीलच." आणि माझ्या पिशवीत स्वतःच्या पैशाने घेतलेली दोन वांगी टाकून गेला.

बायकोने, उषाने, भरीत केलं. मला भूक नव्हती.

सर्व्हर अजून रोज दहा-पंधरा मिनिटं झोपतो. आज मीही वैतागून स्थळंच बघत बसलो. अजून नऊ उघडली.


रविवार, १६ फेब्रुवारी

आज घरात जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

उषा माझा तक्ता घेऊन बसली. तिने गुंजाळांच्या चारही मुलांवर बोट फिरवलं आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"काय झालं?"

"अहो, या चारी एकाच घरना शेतस."

"माहीत आहे. चुलतभाऊ आहेत. अठ्ठावीस एकर."

"अठ्ठावीस कशी? सातबारा एकच शे, नावं चार. जमीन वाटेल नही अजून. ज्यानात्याना बायोडाटात तीच सात एकर. उधनानं घरबी तेच, दखा ना, चौघांना पत्ता एकच!" मग अगदी प्रेमाने म्हणाली, "तुम्ही एकच वावर चार येळा मोजी टाकं. कम्प्युटर शिकेल माणूस ना तुम्ही?"

मी म्हणालो, "पण प्रत्येकाने सात एकर लिहिलंय. खोटं लिहिलं?"

"खोटं कशाले? त्यानी शेच ना सात एकर. फक्त त्याना एकल्यानी नही."

वैशाली आतून ओरडली, "मम्मी, रोकडुं सत्य!"

मी पाणी प्यायला उठलो. माठाशी उभा राहिलो आणि ग्लास भरून वाहायला लागला तरी उभाच. यादी खरं बोलतेय. बेरीज चुकीची आहे. हे मला दहा तारखेला सात लोकांसमोर एका बाईने सांगितलं होतं.


सोमवार, १७ फेब्रुवारी

सकाळी साडेआठला सर्व्हर रूममध्ये गेलो. दार लावलं. यादी काढली. वरपासून खालपर्यंत जयश्री.

मोठा एच दाबला.

पंचवीस ओळींची एक ओळ झाली. जयश्री, एक पूर्णांक सहा जीबी. चोवीस जेट, एक मुकादम, सगळे त्या एवढ्याशा सात एकरांत.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी निव्वळ गाढव ठरलो असतो, जे मला परवडतं. पण वरच्या ओळी मिटल्या तशा खालच्या वर आल्या. ज्यांना मी खिसेकापू म्हणालो होतो त्या. अडीचशे एमबी, तीनशे एमबी, दोनशे ऐंशी. चाळीसच्या वर ओळी. आणि प्रत्येक ओळीत वापरकर्त्याचं नाव: हिलाल. हिलाल. हिलाल.

माझा ब्राउझर. प्रत्येक स्थळ एका टॅबमध्ये, आणि वाचून बघितलं तर ब्राउझर बहुतेक टॅबला वेगळी प्रोसेस देतो. तिचे थ्रेड एका घरात राहतात, माझी स्थळं प्रत्येकी वेगळं बिऱ्हाड मांडून बसलेली. थोडंफार आपसात वाटून घेत असतील, पण ही बेरीज करायला हरकत नव्हती. केली. साडेअकरा जीबी. जी करायची नव्हती ती केली होती, जी करायची होती ती सोडून दिली होती.

राणीचा बिटाचा काढा मी केला. वैशालीच्या लग्नासाठी.

सगळे टॅब बंद केले. सर्व्हर असा हलका झाला की पंख्याचा आवाजसुद्धा बदलला.


मंगळवार, १८ फेब्रुवारी

खरं लिहितो, नाहीतर डायरी परत पायाखाली घालावी.

काल रात्रीपासून माझा बेत असा होता: गप्प बसायचं. सर्व्हर बरा झालाय. दहा दिवस तो झोपला नाही की मीच म्हणेन, शेठ, आता त्रास नाही, कशाला पॅकेज? तिची नोकरी राहील, माझी सही राहील, एसी राहील. कुणाचंच नुकसान नाही. बेतात मला एकही खोट दिसली नाही.

आज दुपारी चंचलकुमार खुशीत आले. "अंकल, दो दिन से एक बार भी हँग नहीं हुआ! देखा? नोटिस मिली तो मॅडम सुधर गई. मतलब पहले जानबूझकर लापरवाही थी. उसके सर्टिफिकेट में लिखूंगा."

म्हणजे सर्व्हर बिघडला तर तिचा गुन्हा आणि सुधारला तरी तिचाच गुन्हा. आणि दोन्ही वेळा ते मी केलं.

जयश्री तिकडे अहमदाबादच्या माणसाला स्वतःचा प्रोग्राम समजावून सांगत होती. नीट, न चिडता. मी दारातून परत फिरलो.


बुधवार, १९ फेब्रुवारी

उषाला सांगितलं. वाटलं, म्हणेल जाऊ द्या. तिने विचारलं, "भटूनी वांगी खादी ना तुम्ही?"

"एक घास."

"मंग?"




गुरुवार, २० फेब्रुवारी

शेठ, चंचलकुमार, सुकदेव मास्टर आणि जयश्री, चौघांना सर्व्हर रूममध्ये बोलावलं. मास्टरांना म्हणालो, नऊ नंबरमध्ये नुसतं पाणी भरा, कापड नको, आणि तिथे फोनवर माणूस उभा करा.

नुसतं सांगितलं असतं तर चंचलकुमारांनी मला गप्प केलं असतं. म्हणून सांगितलंच नाही. ब्राउझर उघडला आणि 'मागचे टॅब परत आणा' दाबलं. नावं आली, पण पानं रिकामी. प्रत्येकावर क्लिक केल्याशिवाय उघडेनात. मला वाटलं होतं, झटक्यात इज्जत जाईल. ती हप्त्याहप्त्याने जायला लागली.

पहिला मुलगा उघडला. निळा कोट, हातात गुलाब. दुसरा. तिसरा मोटारसायकलला टेकून, जी त्याची नसावी.

"हिलालभाई, आ शुं छे?" शेठ.

"माझ्या मुलीची स्थळं, शेठ. कामाच्या वेळेत, तुमच्या सर्व्हरवर."

चंचलकुमार म्हणाले, "अंकल, ये क्या मजाक…" शेठनी हात वर केला. त्यांना तीन मुलींची लग्नं लावल्याचा अनुभव आहे. खुर्ची ओढून बसले. "आ छोकरो सारो छे. पण मूछ?" पुढचा. "आ नहीं. जूठो लागे छे." पुढचा.

अडतिसाव्या मुलाचा फोटो अर्धा आला आणि थांबला. फक्त केस आणि कपाळ. मास्टरांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "नऊ नंबर झोपला."

मग मी यादी काढली. ती यायलाच दोन मिनिटं लागली. पंचवीस ओळी दाखवल्या, माझा चाळीसचा गुणाकार दाखवला. बाजूला सरकलो आणि म्हणालो, "जयश्री, दाब."

"तुम्हीच दाबा, भाऊ," ती म्हणाली.

दाबला. तिची एक ओळ राहिली. माझं नाव पडदाभर.

चंचलकुमार यादीवर बोट ठेवून मनातल्या मनात बेरीज करत होते. बराच वेळ.

शेठ उठले. जयश्रीकडे बोट करून मला म्हणाले, "आ रूमनी चावी बेनने आपी दो." जावयाला म्हणाले, "पॅकेजवाळाने ना पाडी दो." म्हणजे अहमदाबादचं पॅकेज रद्द. दारात थांबून पुन्हा मला म्हणाले, "अगियारमो छोकरो. एना बापने हुं ओळखुं छुं. सारा माणस छे."


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

माझं टेबल घडी खात्यात गेलं. पत्र्याचं छप्पर, एक पंखा, तोही साड्यांवर रोखलेला. फेब्रुवारीतच सदरा पाठीला चिकटतो. मे महिन्याचा विचार करत नाही.

जयश्री अकराच्या सुमाराला आली. वाटलं, आभार मानेल. अगदीच नाही तर बरं बोलेल. म्हणाली, "भाऊ, तो अहवाल अजून सात जणांच्या मेलमध्ये आहे. तुमच्या सहीचा. मागे घ्या. लेखी."

"काल सगळ्यांनी बघितलं ना."

"काल चौघांनी बघितलं."

मी तिथेच लिहिलं आणि छापून तिच्या हातात दिलं:

'दि. ६ फेब्रुवारीच्या माझ्या अहवालात नजरचुकीने एकाच प्रोग्रामची मेमरी पंचवीस वेळा मोजली गेली. सदर प्रोग्रामचा वापर चाळीस नसून एक पूर्णांक सहा जीबी आहे. सर्व्हर माझ्या वैयक्तिक वापरामुळे मंदावत होता. अहवाल मागे घेत आहे.'

माझ्या मते उत्तम होतं. तिने घडी खात्याचा खडू उचलला, कापडावर खुणा करायचा निळा, आणि एका शब्दावर रेघ मारली. नजरचुकीने.

"का गं?"

"नजर नाही चुकली. आकडे बरोबर वाचलेत तुम्ही. अडीचशे टक्केही वाचले असणार, शेजारीच असतात." ती खडू खाली ठेवेना. "आणि 'मोजली गेली' नको. आपोआप नाही गेली."

मी तिच्याकडे बघितलं. रागावलेली नव्हती. नुसती उभी होती, कागद माझ्यापुढे धरून, जशी पाच तारखेला उभी होती.

पुन्हा टाइप केलं. 'मी एकाच प्रोग्रामची मेमरी पंचवीस वेळा मोजली. जयश्री यांनी त्याआधीच मला कसं तपासायचं ते सांगितलं होतं. मी तपासलं नाही. बैठकीत पुन्हा सांगितलं. मी ऐकलं नाही.' टक्क्यांचा काढून टाकलेला रकाना परत घातला, बेरजेसकट.

"आता?" मी विचारलं.

तिने दोनदा वाचलं. "पाठवा."

सातही जणांना पाठवला. ती जाईपर्यंत थांबलो, मग आठवा पत्ता घातला, जयश्रीचा, आणि वर भटूचं नाव लिहून पुन्हा पाठवला. भटूला मेल वाचता येत नाही, पण त्याच्या घरात वाचून दाखवणारी आहे. तिला फक्त मोठ्याने वाचावं लागेल.